‘द फॅकल्टी’ बेसमेंटमध्ये दाखवायचा असेल तर

सुरुवातीलाच सांगते, ‘द फॅकल्टी’ हा लहान मुलांचा सिनेमा नाही. अमेरिकेत त्याला ‘आर’ रेटिंग आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाने आई-वडील किंवा जबाबदार मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय थिएटरात जायचं नाही. घरी दाराशी तिकीट तपासणारा नसतो, ते काम तुम्हालाच करावं लागतं. आमच्याकडची अकरावी-बारावीची मराठी पोरं ऑक्टोबरात एका शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये भीतीचा सिनेमा बघायला जमतात, आणि माझी अट ठरलेली असते: प्रत्येक पोरामागे एक पालक. ‘साडेनऊला घ्यायला येतो’ म्हणून दारातून सटकायचं नाही. धाकटी भावंडं आणायची नाहीत. पालक कुरकुरतात. पण हा सिनेमा खरं म्हणजे त्यांनीच बघायला हवा.

मी मूळची सांगलीची. ओहायोत कोलंबस शहराच्या उपनगरात राहते आणि इथल्या हायस्कुलात बदली शिक्षिका म्हणून जाते. कोण आजारी पडलं यावर माझा दिवस ठरतो. आज रसायनशास्त्र, उद्या स्पॅनिश, परवा बँडचा तास, त्यात मी फक्त हजेरी घेते. त्यामुळे वर्गात समोर उभा आहे तो खरा शिक्षकच नाही, ही कल्पना मला जरा जास्तच जवळची वाटते.

गोष्ट थोडक्यात अशी. ओहायोतल्या एका गावात हेरिंग्टन हायस्कूल आहे. आधी फुटबॉलचा कोच बदलतो, मग मुख्याध्यापिका, मग एकेक शिक्षक, मग मुलं. परग्रहावरून आलेला जीव माणसाच्या कानातून आत शिरतो आणि माणूस दिसायला होता तसाच राहतो. सहा मुलांच्या हे लक्षात येतं, आणि एरवी ही सहा जणं एका टेबलावर बसून डबाही खाणार नाहीत. दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ, पटकथा केव्हिन विल्यमसनची. अमेरिकेत तो 25 डिसेंबर 1998 ला लागला, ऐन नाताळच्या दिवशी. लांबी 104 मिनिटं. ओहायो म्हणून जे दिसतं ते टेक्सासमधलं ऑस्टिन आणि आसपासचा भाग आहे. आमच्या पोरांना ते पहिल्या दहा मिनिटांतच कळतं आणि त्यावर पाच मिनिटं दंगा होतो. होऊ द्यावा.

यजमानाने सिनेमा आधी एकट्याने बघायचाच. यापुढे मी शेवट, खलनायक, सगळं फोडणार आहे. ज्यांना नुसता बघायचा आहे त्यांनी बघून मग इकडे यावं.

पालकांना आधी काय कळवायचं

आठवडाभर आधी ग्रुपवर सरळ भाषेत लिहा. ‘थोडा व्हायोलंट आहे’ एवढ्याने भागत नाही. शिव्या भरपूर आहेत. शॉवरमधला एक अंगावर येणारा प्रसंग आहे, शेवटाकडे थोडी नग्नता आहे, आणि एका मुलीला ती समलिंगी आहे असं समजून वाईट बोललं जातं. स्टोकली तिचं नाव. लोकांनी आपल्यापासून लांब राहावं म्हणून तिने स्वतःच तो समज पसरू दिलेला असतो. 1998 साली हायस्कुलाच्या कॉरिडॉरमध्ये असंच बोलायचे आणि सिनेमा ते झाकत नाही. पण खोलीत बसलेल्या एखाद्या मुलाला ते शब्द जिव्हारी लागू शकतात हे यजमानाच्या ध्यानात असलं पाहिजे. त्या जागी कोणी मोठ्याने हसलं तर मी हसणाऱ्याकडे बघते. एवढं पुरतं.

मग येते झीकची पूड. झीक हा वर्गातला सगळ्यात हुशार आणि सगळ्यात वाया गेलेला मुलगा. गाडीच्या डिकीतून शाळेत नाही नाही त्या वस्तू विकतो, आणि बॉलपेनच्या रिकाम्या नळीत घरी बनवलेली पांढरी पूड भरून तीही विकतो. तिच्यात मुख्य ऐवज कॅफीनचा. सगळी गोष्ट या पुडीवर उभी आहे, कारण या परग्रहवासीयांना सतत पाणी लागतं आणि पूड त्यांना आतून सुकवते. म्हणजे सिनेमात नाकाने पूड ओढणारी मुलं जग वाचवतात. हे तसंच सोडून देता येत नाही. मी सुरू करण्याआधी दोन वाक्यं बोलते आणि ती भाषणाच्या सुरात बोलत नाही. एक, शुद्ध कॅफीनच्या पुडीचा एक चमचा म्हणजे जवळपास 28 कप कॉफी, असं अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानेच सांगितलेलं आहे. दोन, 2014 मध्ये आपल्याच ओहायोत हायस्कुलाच्या शेवटच्या वर्षातला एक मुलगा अशा पुडीने गेला, पदवीदान समारंभ तोंडावर आलेला असताना. ही माहिती मुलांना बहुधा नसते. खोली एकदम गप्प होते. मग मी म्हणते, चला, आता सिनेमा.

पिस्तुलाचं मात्र ग्रुपवर लिहून भागत नाही, त्याबद्दल मुलांना समोरासमोर विचारावं. शाळेच्या जिममध्ये एक मुलगा मुख्याध्यापिकेवर गोळी झाडतो. गोष्टीच्या हिशेबाने ती तेव्हा माणूस राहिलेली नसते. पण हा सिनेमा लागल्यावर चार महिनेही झाले नव्हते तोवर, 20 एप्रिल 1999 ला, कोलोराडोत कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, आणि तेव्हापासून इथलं हायस्कूल बदललं. आपल्या मुलांनी बालवाडीपासून लॉकडाउनचे सराव केलेत. दिवे घालवायचे, दाराला कुलूप, भिंतीला टेकून गप्प बसायचं. मी बदलीवर असताना वर्गात गेले की पहिल्यांदा दाराचं कुलूप आतून कसं लागतं ते बघते. शाळेत पिस्तूल बाहेर काढणारी मुलं नायक आहेत असा सिनेमा त्या साली काढता आला. आज बेसमेंटमधल्या सोफ्यावर बसलेल्या मुलाला तो प्रसंग काय वाटेल हे आपल्याला, सांगली-साताऱ्याच्या शाळांत शिकलेल्यांना, बसल्या जागी कळणार नाही. त्याला विचारावं. कोणी म्हणालं, मी तेवढ्यात वर जाऊन पाणी पिऊन येतो, तर जाऊ द्यावं. कारण विचारायचं नाही.

वेळ, जागा, खाणं

शुक्रवार टाळा. गोष्टीतला मोठा भाग शुक्रवार रात्रीच्या फुटबॉल सामन्याभोवती घडतो म्हणून शुक्रवारीच दाखवावा असा मोह होतो. पण खऱ्या ओहायोत ऑक्टोबरातल्या शुक्रवारी निम्मी पोरं मैदानावर असतात. आपली बहुतेक मार्चिंग बँडमध्ये, क्लॅरिनेट घेऊन. शनिवारी सातला जमवा, साडेसातला लावा. मध्ये एक थांबा धरून दहाच्या आत संपतो.

आवाज मोठा हवा आणि तळाचा घुमारा कमी हवा, नाहीतर संवाद कळत नाहीत. इंग्रजी सबटायटल्स ठेवाच. मुलांना लागत नाहीत, पण पालकांना लागतात आणि ते मागत नाहीत. दिवे पूर्ण घालवू नका, जिन्यातला एक राहू द्या. अंधारात जिना चढणारं कोणीतरी असतंच.

खाणं सिनेमाच्या आधी उरकावं. पावभाजी बरी, सगळ्यांचं एकदम होतं. सिनेमा चालू असताना चिवडा नको. ऐन शांततेत कोणीतरी शेंगदाणा फोडतं. आणि पाणी मात्र मुद्दाम ठेवा. कोपऱ्यात टेबलावर मोठा काचेचा जार, शेजारी ग्लास. काही बोलू नका. अर्धा तास झाला की त्या जारकडे कोणी जात नाही, आणि गेलंच तर अख्खी खोली त्याच्याकडे वळून बघते. मी स्वतः अधूनमधून उठून सावकाश, पूर्ण ग्लासभर पिते.

पालकांसाठी दहा मिनिटांचा वर्ग

मुलांना अमेरिकन हायस्कूल पाठ असतं. पालक फार तर पदवीदानाला गेलेले असतात. काही गोष्टी आधी सांगितल्या नाहीत तर त्यांना सिनेमा अर्धाच कळतो.

ब्लीचर्स. जिममधल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बसायच्या जागा या कायमच्या नसतात. त्या घडी होऊन भिंतीत जातात. शाळेचा कस्टोडियन, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, किल्ली फिरवतो, मोटर घरघरते आणि अख्खा डोलारा सावकाश भिंतीकडे सरकत मिटतो. त्या वेळी खाली कोणी नाही ना हे तो वाकून दोनदा बघतो, कारण आतल्या लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये सापडलेलं काही बाहेर येत नाही. सिनेमाचा शेवट या यंत्रावर आहे. ज्याला ब्लीचर्स माहीत नाहीत त्याला शेवटची पाच मिनिटं नुसता अंधार आणि किंचाळणं वाटतं. फोनवर एखादा व्हिडिओ दाखवा, एका मिनिटात कळतं.

पैसे. पहिल्याच मोठ्या प्रसंगात शिक्षकांची बैठक आहे. मुख्याध्यापिका सांगते, नाटकाला पैसे नाहीत, नव्या संगणकांना नाहीत, पण फुटबॉलला हात लावायचा नाही, गावाला ते चालणार नाही. आपल्या पालकांना हे विनोदी वाटतं. ज्यांनी इथे घर घेतलंय त्यांना आठवण करून द्या, की निवडणुकीच्या आधी अंगणात ‘शाळेच्या लेव्हीला हो म्हणा’ अशा पाट्या का लागतात. ओहायोतल्या शाळांचा बराच खर्च घरपट्टीतून निघतो आणि वाढीव पैसे लोकांकडे मतदानाने मागावे लागतात. 1997 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी पद्धतच घटनाबाह्य ठरवली होती. पुढच्याच वर्षी हा सिनेमा आला. पटकथेत ओहायो मुद्दाम घेतलं असेल असं मला वाटत नाही, पण मी शिक्षकांच्या खोलीत बसून ती बैठक खरीखुरी ऐकलेली आहे. फक्त आमच्याकडे त्यानंतर कोचने मुख्याध्यापिकेच्या हातात पेन्सिल खुपसली नाही.

नर्स. लाऊडस्पीकरवरून नाव पुकारतात, मूल वर्गातून उठून नर्सकडे जातं, परत येतं. ऐकू येतं का, दिसतं का, हे तपासणं इथे नेहमीचं आहे. सिनेमात मुलांना अशीच कानतपासणीला बोलावतात. आरडाओरडा नाही, धावपळ नाही, एकेक नाव पुकारलं जातं आणि मुलं मुकाट उठून जातात. माझ्या मते सगळ्या सिनेमात याहून भयंकर काही नाही, आणि यात एकही राक्षस दिसत नाही.

नटमंडळींची नावंही आधीच सांगून टाका, नाहीतर मध्येच आरोळ्या उठतात. घाबरट केसी म्हणजे एलायजा वुड, जो पुढे 2001 पासून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला फ्रोडो झाला. जीवशास्त्राचे मास्तर म्हणजे जॉन स्टुअर्ट. सिनेमा लागला आणि तीन आठवड्यांच्या आत त्याने टीव्हीवरचा ‘द डेली शो’ हा बातम्यांची टर उडवणारा कार्यक्रम हाती घेतला. नर्स सलमा हायेक. कोच म्हणजे रॉबर्ट पॅट्रिक, ज्याला आपल्या पिढीने 1991 मध्ये ‘टर्मिनेटर 2’ मधला वितळणारा माणूस म्हणून बघितलं. बापलोक त्याला बघून इतके खूश होतात की तो खलनायक आहे हे विसरतात. झीक झालेला जॉश हार्टनेट दिसला की आया गप्प होतात. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

काय बघायचं

आता मुख्य गोष्ट. पोरं राक्षस बघायला बसतात. तो बघूच द्या. पण यजमान म्हणून तुम्ही त्यांना एक काम द्या: कोण सुधारलं ते बघा.

हा सिनेमा तसा बघितला तरच हाती लागतो. इतर सिनेमांत भूत लागलेला माणूस बिघडतो, इथे तो सुधारतो. मिस बर्क नावाची इंग्रजीची बाई आधी इतकी भित्री, की वर्गात तिचा आवाज निघत नाही. परग्रहवासी तिच्यात शिरला की ती ताठ चालते, कपडे बदलतात, झीकला कॉरिडॉरमध्ये अशी झापते की तो गार होतो. नाटकाच्या म्हाताऱ्या बाई, ज्यांना बैठकीत कोणी विचारत नव्हतं, त्या आता ठाम झालेल्या. वर्गात मारामाऱ्या थांबतात. दंगेखोर पोरं रांगेत बसतात. फुटबॉलचा संघ एकदिलाने खेळतो. बदली शिक्षिका म्हणून सांगते, अशा शाळेत मला बोलावलं तर मी दुसऱ्या दिवशीही आनंदाने जाईन. गोम तिथेच आहे.

सुरुवातीच्या अर्ध्या तासात थांबवू नका, फक्त नजर कुठे ठेवायची ते सांगा. मैदानावर पाण्याचे फवारे चालू असताना त्यांच्यात शांत उभा राहिलेला कोच. शिक्षकांच्या खोलीत पाण्याभोवती जमलेली माणसं. केसीला मैदानात सापडलेला सुकलेला जीव, जो जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाण्यात पडतो आणि टवटवीत होतो. हे सगळं पहिल्या खेपेला नुसतं मागून सरकून जातं. रॉड्रिगेझ स्वतःच संकलन करतो आणि त्याला एका ठिकाणी फार वेळ थांबायला आवडत नाही, त्यामुळे ज्याने पापणी मिटली त्याचं काहीतरी सुटतंच.

मग केसी आणि सहांतलीच एक, शाळेतली सगळ्यात देखणी मुलगी डिलायला, शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात लपतात तो प्रसंग. फटीतून दिसतं तेवढंच आपल्यालाही दिसतं. शिक्षकांची खोली मुलांना कायम बंद असते, आत काय चालतं याबद्दल त्यांच्या अफाट कल्पना असतात. प्रत्यक्षात आत कोणीतरी मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करतं, इतर त्याच्याबद्दल चिठ्ठ्या लिहून चिकटवतात, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकलेला असतो. मी हे पोरांना कधी सांगत नाही. गूढ राहू द्यावं.

केसी आणि स्टोकली वाचनालयात बसून परग्रहवासी माणसांची जागा घेतात अशा जुन्या कादंबऱ्यांची चर्चा करतात, आणि उपायही तसल्याच गोष्टींतून निघतो: मूळ राणी मारली की बाकीचे सुटतील. पालकांपैकी कोणीतरी इथे म्हणतोच, ‘अरे, गोष्टीच्या पुस्तकावरून?’ हो, गोष्टीच्या पुस्तकावरून. मोठ्या माणसांना सांगून झालेलं असतं, आई-वडिलांनी विश्वास ठेवलेला नसतो, पोलिस त्यांच्याच बाजूला गेलेले असतात. मग उरतं वाचनालय.

कुठे थांबवायचं

मोठा थांबा एकदाच, साधारण तासाभराने. झीकच्या घरातल्या प्रयोगशाळेत सगळे जमतात आणि ठरतं की प्रत्येकाने पूड ओढायची. जो माणूस नाही तो उघडा पडेल. झीक पेनं बाहेर काढतो तिथे रिमोट दाबा. दिवे लावा. प्रत्येकाला कागदाचा चिटोरा आणि पेन्सिल द्या. प्रश्न: या सहांतला कोण माणूस नाही? नाव लिहायचं, घडी घालायची, पातेल्यात टाकायचं. बोलायचं नाही. पालकांच्या चिठ्ठ्यांवर खूण करा, ते पातेलं वेगळं धरलंत तरी चालेल. लघवीपाण्यालाही हीच वेळ.

मग पुन्हा लावा. डिलायला उघडी पडते, प्रयोगशाळेची नासधूस करते, पुडीचा बहुतेक साठा जातो, ती पळते. इथे पुन्हा दोन मिनिटं थांबा. दिवे लावू नका, फक्त विचारा: उरलेल्या पाचांत अजून कोणी आहे का? बहुतेक खोली म्हणते, नाही, तपासणी झाली की. इथेच सगळे फसतात. परीक्षेने एक जण पकडला की बाकीचे आपोआप पास झाले असं आपण धरून चालतो. पूड खरोखर कोणी ओढली आणि कोणी ओढल्यासारखं केलं हे कोणी तपासलेलं नसतं. मी वर्षानुवर्षं परीक्षांवर देखरेख करते. एक मुलगा कॉपी करताना सापडला की शिक्षकाचं लक्ष सुटतं, आणि मागच्या बाकावरची मुलं त्याचीच वाट बघत असतात.

कारण राणी म्हणजे मेरीबेथ. अटलांटाहून नुकतीच आलेली नवीन मुलगी. गोड बोलणारी, सगळ्यांशी ओळख करून घेणारी, स्टोकलीसारख्या तुटक मुलीशीही मैत्री करू पाहणारी. आता पालकांच्या चिठ्ठ्या उघडा. आमच्याकडे मेरीबेथचं नाव पालक लिहीत नाहीत. झीकचं लिहितात, नाहीतर स्टोकलीचं, कारण ती काळे कपडे घालते. मुलांच्या पातेल्यात मात्र मेरीबेथ निघते. विचारलं की कारण साधं असतं: शाळेत कोणी इतकं नाइस नसतं, मावशी.

ही चिठ्ठ्यांची गंमत सिनेमा संपल्यावर करू नका, मेरीबेथचा उलगडा झाल्यावर लगेच, मिनिटभरासाठी करा. नंतर कोणाला आठवत नाही आणि आईबाप आपली मतं बदलतात.

त्यानंतर मात्र शेवटपर्यंत हात लावू नका. जिम, पोहण्याचा तलाव, लॉकर, ब्लीचर्स. संगणकावर बनवलेला राक्षस आज जुनाट दिसतो आणि पोरं हसतात. हरकत नाही. प्रत्यक्ष बनवलेल्या गोष्टी मात्र अजून टिकल्यात. गाडीच्या धडकेनंतर मिस बर्कचं तुटलेलं डोकं पायांसारख्या सोंडांवर चालत येतं, तिथे कोणी हसत नाही. राणी केसीला जे बोलते ते मात्र नीट ऐकू येईल एवढा आवाज ठेवा. ती त्याला सांगते की भीती नसेल, एकटेपणा नसेल. ज्याला रोज सकाळी कोणी तरी झेंड्याच्या खांबावर नेऊन आपटतं त्या मुलाला हे सांगितलं जातंय. नवीन गावात, नवीन शाळेत, डब्यात पोळीभाजी घेऊन गेलेल्या मुलांना ते काय आहे ते बरोबर कळतं. आमच्या बेसमेंटमध्ये त्या वाक्यांना फोन खाली जातात.

नंतरची चर्चा

दिवे लावा, चहा ठेवा, आता चिवडाही काढा. प्रश्नांची यादी करू नका. शेवटची तीन मिनिटं पुरतात. महिना गेलेला आहे. सगळे बरे झालेत. झीक चक्क फुटबॉलच्या संघात आहे. सहांतलाच स्टॅन, आधीचा फुटबॉलपटू, त्याने फुटबॉल सोडलाय आणि तो आणि स्टोकली एकत्र आहेत. स्टोकलीचे काळे कपडे जाऊन फिकट रंगाचे आलेत. केसी प्रसिद्ध झालाय आणि शाळेतली सगळ्यात देखणी मुलगी त्याच्याबरोबर आहे. प्रश्न एवढाच: हे खरंच बरे झालेत का?

मुलं इथे पेटतात. एकीचं म्हणणं असतं, स्टोकलीला कोणी विचारलं का, तिला तो स्वेटर हवा होता का? दुसरा म्हणतो, माणसं बदलतात, त्यात परग्रहवासी कशाला हवा. मी मध्ये पडत नाही. एका जागी मात्र पडते. त्याच शेवटात मिस बर्क मैदानाबाहेर उभी राहून झीककडे ज्या नजरेने बघते, ती सिनेमाने गंमत म्हणून ठेवली आहे. मला ती गंमत वाटत नाही. शिक्षिका आणि विद्यार्थी यांच्यात तशी नजर असू नये, आणि परग्रहवासी निघून गेल्यावर तर नाहीच. हे मी मुलांसमोर स्पष्ट बोलते. पालक तेवढ्यात चहाच्या कपात बघतात, तरी बोलते.

मग वडीलमंडळींना बोलू द्या, नाहीतर ते घरी जाताना गाडीत बोलतील. बहुतेक वेळा एक जण तरी निघतोच जो चिवड्याचा बकाणा भरून म्हणतो, ‘पण काहीही म्हणा, कोचने शाळेला शिस्त लावली होती. पोरं वेळेवर वर्गात, मारामारी नाही, सगळे एकदिलाने खेळतात. यात वाईट काय होतं?’ त्यावर यजमानाने उत्तर द्यायची गरज नसते. पोरं एका सुरात ओरडतात, ‘काका, कान दाखवा!’ आणि काका दाखवेपर्यंत त्यांना जारमधलं पाणी कोणी पिऊ देत नाही.